गाडी एकाच गिअरवर अडकली? शिफ्ट सॉलेनॉइडचा दोष असा शोधा, असा काढा

ऑटोमॅटिक गाडीने गिअर बदलायचं सोडलं की मालकाच्या कानावर पहिलं वाक्य पडतं ते "गिअरबॉक्स गेला". दुसरं वाक्य रकमेचं असतं आणि ते ऐकून माणूस टेकायला खुर्ची शोधतो. माझ्या हाताखालून गेलेल्या अशा बऱ्याच गाड्यांचा गिअरबॉक्स कुठेही गेलेला नव्हता. कुठे उंदराने वायर कुरतडलेली, कुठे पिनला हिरवा गंज, कुठे भलतंच ऑइल, आणि काही ठिकाणी खरोखरच सॉलेनॉइड, म्हणजे ऑइलची वाट उघडणारा-बंद करणारा विजेचा छोटा नळ. ज्यांना मल्टिमीटर धरता येतो, पाना चालवता येतो, पण ऑटोमॅटिकचा पॅन, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाची ऑइलची परात, अजून कधी उघडलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

एक गोष्ट सुरुवातीलाच. सॉलेनॉइडच्या तक्रारीत पहिला प्रश्न "कोणता सॉलेनॉइड?" हा नसतो. दोष करंटचा आहे की ऑइलचा, हा असतो. त्याचं उत्तर मिळेपर्यंत पॅनच्या बोल्टला हात लावायचा नाही.

आधी पेटी (गिअरबॉक्स) ओळखा

आपल्याकडे क्लच पेडल नसलेल्या प्रत्येक गाडीला लोक "ऑटोमॅटिक" म्हणतात. २०१४ साली मारुतीने सेलेरिओ आणली तेव्हापासून एएमटी गाड्या घरोघरी आल्या. तो आतून साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला यंत्र बसवलेलं असतं. त्याचे दोष वेगळे, तपासणी वेगळी. सीव्हीटीत पट्टा आणि पुली असतात, डीसीटीत दोन क्लच. त्यांच्यातही सॉलेनॉइड असतात, पण खालची रीत जशीच्या तशी लावू नका.

इथे सांगतोय ते टॉर्क कन्व्हर्टरवाल्या पेटीबद्दल, म्हणजे जिच्यात इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरकडे जाते. लिव्हरवर 'पी' आहे का बघा. मारुती आणि टाटाच्या एएमटीत 'पी' नसतो, त्यामुळे त्या लगेच बाजूला पडतात. उरलेल्यांसाठी मालकाचं पुस्तक उघडा. अंदाजाने ठरवू नका, कारण पुढे ऑइल कोणतं घालायचं हे यावरच ठरतं.

सॉलेनॉइड नेमकं करतो काय

एका छोट्या नळकांड्यात तांब्याच्या तारेचं गुंडाळं, मध्ये लोखंडी दांडा, मागे स्प्रिंग. करंट दिला की दांडा ओढला जातो आणि ऑइलची वाट उघडते किंवा बंद होते. करंट काढला की स्प्रिंग त्याला जागेवर ढकलते. स्वयंपाकघरातल्या नळाची चकती बोटाऐवजी विजेने फिरवावी, इतकाच प्रकार.

त्या ऑइलच्या दाबाने व्हॉल्व्ह बॉडीतला (ऑइलच्या वाटा कोरलेल्या ठोकळ्यातला) शिफ्ट व्हॉल्व्ह सरकतो, तो एखाद्या क्लच पॅकला (क्लचच्या चकत्यांच्या गठ्ठ्याला) ऑइल सोडतो, आणि गिअर बदलतो. म्हणजे सॉलेनॉइड स्वतः गिअर टाकत नाही. तो हुकूम पोचवणारा शिपाई आहे. हुकूम कंट्रोलरकडून (गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरकडून) निघाला का, वायरीतून आला का, शिपाई उठला का, आणि उठल्यावर ऑइल खरंच गेलं का, या चार जागी गाडी अडू शकते. लोक तिसऱ्या जागेवर उडी मारतात, कारण तिथला पार्ट विकत मिळतो.

सॉलेनॉइड दोन जातींचे असतात. एक साधा, चालू किंवा बंद. याचा रेझिस्टन्स बहुतेक वेळा ११ ते १५ ओहम भरतो. दुसरा दाब कमी-जास्त करणारा, ज्याला लिनिअर म्हणतात. तो ५ ओहमच्या आसपास असतो. हा फरक लक्षात ठेवा, पुढे तपासताना एक चूक नवा पार्ट जाळते.

दोन सॉलेनॉइड, चार गिअर

शिकायला टोयोटाची ए३४०ई ही जुनी चार गिअरची पेटी फार चांगली. सुप्रा, फोररनर अशा गाड्यांत ती होती. तुमच्या गाडीत ती असेलच असं नाही, पण तिचं गणित एकदा डोक्यात बसलं की सहा गिअरच्या पेटीचा तक्ताही वाचता येतो. तिच्यात गिअर ठरवणारे दोनच सॉलेनॉइड, एक नंबरचा आणि दोन नंबरचा:

पहिला गिअर: एक चालू, दोन बंद
दुसरा गिअर: दोन्ही चालू
तिसरा गिअर: एक बंद, दोन चालू
चौथा गिअर: दोन्ही बंद

आता कागद घ्या आणि समजा की दोन नंबरचा सॉलेनॉइड बंद अवस्थेतच अडकला. पहिल्या गिअरला तो बंदच हवा असतो, त्यामुळे गाडी नीट सुटेल. दुसरा मागितला तर 'एक चालू, दोन बंद', म्हणजे परत पहिलाच. तिसरा मागितला तर दोन्ही बंद, म्हणजे थेट चौथा. चालवणारा येऊन सांगतो, "पहिल्यावरच खूप रडते आणि मग एकदम मेल्यासारखी होते." तक्ता समोर असेल तर हे एकच वाक्य तुम्हाला नंबर सांगून जातं. गिऱ्हाइकाचं बोलणं तोडू नका म्हणतात ते याचसाठी.

दोन्हींचा करंट गेला तर? दोन्ही बंद, गाडी चौथ्यात. हे मुद्दाम केलेलं असतं. कनेक्टर निघाला तरी गाडी पुढे सरकावी, रस्त्यात मरू नये. नव्या पेट्यांत हाच आपत्कालीन गिअर बहुधा तिसरा किंवा चौथा असतो. गाडी सिग्नलवरून म्हशीसारखी उठते आणि कितीही दाबलं तरी गिअर बदलत नाही, तेव्हा ती या अवस्थेत गेलेली असते. गॅरेजच्या भाषेत लिंप मोड.

एक बारकावा. वायर तुटली तर कंट्रोलरला लगेच कळतं आणि तो स्वतःच गाडी लिंप मोडमध्ये टाकतो. सॉलेनॉइड कचऱ्याने अडकला तर त्याला आधी काहीच कळत नाही, करंट बरोबर जात असतो. तेव्हा वर सांगितलेली विचित्र उडी दिसते, आणि शाफ्टचा वेग अपेक्षेशी जुळत नाही हे पाहून कंट्रोलर उशिरा कोड (दोषाचा क्रमांक) लावतो. म्हणून गाडीचं वागणं आणि कोड दोन्ही लिहून घ्या.

रस्त्यातच अडकली असेल तर

सपाट रस्ता आणि जवळ गॅरेज असेल तर सावकाश आणा. घाट चढायचा असेल तर आणू नका. तिसऱ्या गिअरवर चढ घेताना टॉर्क कन्व्हर्टर सतत घसरतो आणि ऑइल तापून जळतं. सॉलेनॉइडच्या छोट्या कामाचं क्लच पॅकचं मोठं काम असंच होतं. दोरी बांधून ओढायचीही नाही. इंजिन बंद असताना पेटीतला पंप फिरत नाही, चाकं मात्र आतले गिअर कोरडे फिरवत राहतात. सपाट ट्रकवर चढवून आणा.

पहिली पायरी: ऑइल

कोणतंही यंत्र लावण्याआधी ऑइल बघा. डिपस्टिक असेल तर बहुतेक गाड्यांत पेटी गरम करून, इंजिन चालू ठेवून, लिव्हर सगळ्या जागांतून फिरवून परत 'पी'वर आणून बघतात. काही होंडा गाड्यांत उलट: इंजिन बंद करायचं आणि साधारण एक ते दीड मिनिटाच्या आत बघायचं. आपल्या गाडीची रीत पुस्तकात बघा, कारण चुकीच्या रीतीने मोजलं तर अर्धा लिटर कमी असलेलं ऑइलही बरोबर दिसतं.

बऱ्याच नव्या पेट्यांना डिपस्टिकच नसते. खाली प्लग असतो, ऑइल ठरावीक तापमानाला असताना तो उघडला की बारीक धार येऊन थेंब थेंब व्हायला हवं. त्यासाठी स्कॅनरवर ऑइलचं तापमान दिसावं लागतं. "हात लावून बघ, कोमट आहे" इथे चालत नाही.

पांढऱ्या कागदावर दोन थेंब टाका. लाल किंवा फिकट तपकिरी असेल तर ठीक. गडद आणि करपल्याचा वास असेल तर क्लच पॅक जळत आले आहेत. दुधाळ गुलाबी असेल तर पाणी गेलंय. अनेक गाड्यांत गिअर ऑइल थंड करणारी नळी रेडिएटरच्या टाकीतून जाते आणि ती आत फुटली की कूलंट पेटीत येतं. अशा गाडीला सॉलेनॉइड बदलून काहीही होणार नाही.

दुसरी पायरी: बॅटरी आणि अर्थिंग

कंटाळवाणी आहे, पण सोडू नका. गाडी थोडा वेळ बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. बॅटरीच्या निगेटिव्हवरून पेटीच्या केसवर आणि बॉडीवर जाणारी अर्थिंगची पट्टी काढून, घासून परत आवळा. करंट अपुरा पडला की सॉलेनॉइडचा दांडा अर्धवट उठतो आणि तीन-चार कोड एकदम लागतात. एकदम चार सॉलेनॉइड मरत नसतात.

तिसरी पायरी: कोड, आणि कोडाचा खरा अर्थ

स्टीअरिंगखाली १६ पिनांचा सॉकेट असतो, त्यात स्कॅनर लागतो. स्वस्त ब्लूटूथ डाँगल बरेचदा फक्त पी०७०० दाखवतो. तो कोड म्हणजे गिअरबॉक्सच्या कंट्रोलरने इंजिनच्या कंट्रोलरला पाठवलेला निरोप: "माझ्याकडे काहीतरी झालंय, विचारून घ्या." खरा कोड आत असतो. त्यासाठी ट्रान्समिशन मॉड्यूल उघडणारा स्कॅनर लागतो. नसेल तर वाचण्यापुरते पैसे देऊन दुसऱ्याकडे वाचून घ्या, ते स्वस्त पडतं.

आता महत्त्वाचं. मिळालेला कोड म्हणजे घराचा पत्ता नव्हे, फक्त पिनकोड. पण पिनकोडवरूनही गाव कळतं.

पी०७५० ते पी०७५४ हे सगळे 'ए' सॉलेनॉइडचे, पण एकसारखे नाहीत. पी०७५३ सांगतो की विजेच्या वाटेत दोष आहे. पी०७५१ आणि पी०७५२ सांगतात की वीज ठीक दिसते, पण काम होत नाही, सॉलेनॉइड बंद किंवा चालू अवस्थेत अडकल्यासारखा वागतोय. पी०७५४ म्हणजे दोष येतो आणि जातो. 'बी'साठी हाच क्रम पी०७५५पासून, 'सी'साठी पी०७६०पासून, 'डी' पी०७६५, 'ई' पी०७७०. काही गाड्या पी०९७३ आणि पी०९७४ दाखवतात, तेही 'ए'चेच. पहिल्यात सर्किटचा व्होल्टेज कमी, दुसऱ्यात जास्त. दोन्ही विजेच्या गावातले.

पी०७३१ ते पी०७३५ हे कोड गिअरचं प्रमाण जुळत नाही असं सांगतात, शेवटचा आकडा गिअरचा. एकाच गिअरला असेल तर सॉलेनॉइडवर संशय घ्यायला जागा आहे. चार-पाच गिअरांना एकदम असेल तर आधी ऑइलचा दाब आणि शाफ्टच्या वेगाचे सेन्सर बघा, त्यांचे कोड पी०७१५ आणि पी०७२०. सेन्सर खोटं बोलत असेल तर कंट्रोलरला सगळेच गिअर चुकलेले वाटतात.

कोड लागला त्या क्षणाची नोंदही स्कॅनर दाखवतो: वेग, तापमान, आरपीएम. ती लिहून किंवा फोटो काढून मगच कोड पुसा. घाईत पुसून टाकणारे बघितले की माझा जीव जळतो. पुरावा धुऊन मग चोर शोधायचा.

चौथी पायरी: मीटर लावून मोजा

गिअरबॉक्सचा कनेक्टर शोधा. इग्निशन बंद, बॅटरीची निगेटिव्ह तार काढलेली. कनेक्टर सोडताना आधी डोळे वापरा. आत लाल ऑइल दिसतंय का? पेटीतलं ऑइल वायरीच्या पोटातून वर चढतं, हे नवख्याला खरं वाटत नाही, पण चढतं. हिरवट पूड दिसते का? पावसाळ्यानंतर कोकणातून आलेल्या गाडीत ही पूड मी आधी शोधतो. वायरिंगवर दातांच्या खुणा, बॉनेटखाली शेंगांची टरफलं? मग अर्धा निकाल लागलाच.

मीटर ओहमवर ठेवा. आधी दोन्ही टोकं एकमेकांना लावून बघा. ०.३ किंवा ०.४ येईल, तो मीटरच्या स्वतःच्या तारांचा रेझिस्टन्स, नंतर वजा करायचा. ५ ओहमच्या सॉलेनॉइडला हा फरक लहान नसतो.

मग सर्किटच्या नकाशाप्रमाणे पिन पकडा. जुन्या पेट्यांत सॉलेनॉइडला एकच वायर असते आणि दुसरं टोक केसवर अर्थ झालेलं असतं, तेव्हा पिन आणि केस यांच्यामध्ये मोजायचं. नव्यांत दोन वायरी असतात. दोन वायरींच्या प्रकारात कोणत्याही पिनपासून केसपर्यंत काहीच यायला नको. आलं तर गुंडाळं किंवा वायर आत कुठेतरी बॉडीला टेकतेय.

आकडा कसा वाचायचा? साध्या प्रकाराला १३ ओहम आले तर चांगलं. १२ व्होल्टवर तो एक अँपिअरला थोडा कमी करंट घेईल. २-३ ओहम आले तर गुंडाळं आतल्या आत शॉर्ट आहे. नवा बसवण्याआधी कंट्रोलरचा तो पॉइंट जळलेला नाही ना हे बघावं लागेल. मीटरवर 'ओएल' आलं तर वाट तुटलेली.

आणि गरम करून पुन्हा मोजा. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंश सेल्सिअसला साधारण ०.३९ टक्के वाढतो. २० अंशाला १३ ओहम असलेलं गुंडाळं ९० अंशाला साडेसोळाच्या आसपास दाखवेल. तो दोष नव्हे. नवखे इथे चांगला सॉलेनॉइड फेकतात.

गरम मोजणीचं महत्त्व मला एका चार गिअरच्या जुन्या सेडानने शिकवलं. गाडी खंबाटकी चढताना अडकायची, खाली उतरून चहा होईपर्यंत थांबलं की परत ठीक. मालक म्हणजे निवृत्त शिक्षक, वहीत तारीखवार नोंदी करून आलेले. एका ठिकाणी त्यांना पेटी बदलायचा अंदाज मिळाला होता. मी थंड गाडीवर मोजलं, १३.४ ओहम. तासभर चालवून आणलं, लगेच मोजलं, १६.७. अगदी शिस्तीत. मी मान हलवली आणि कनेक्टर परत बसवायला घेतला, तेवढ्यात गुरुजी म्हणाले, "अहो, मघाशी तुम्ही ती वायर सरळ धरली होती. घाटात ती हलत असेल ना?"

कनेक्टर पेटीला जोडला आणि मीटर वायरीच्या कंट्रोलरकडच्या टोकाला लावला. एका हाताने वायरिंगचा जुडगा धरून इंजिन थरथरतं तसा हलवला. १६.७, १६.८, ओएल, १६.६, ओएल. कनेक्टरमधली बायकी पिन पसरली होती. नर पिन तिच्यात नुसती टेकून होती. गार असताना धरायची, तापून प्लास्टिक सैल झालं आणि वर हादरे बसले की सोडायची. बारीक सुईने पिन आवळली, क्लीनर मारला, जुडगा क्लिपने बॉडीला बांधला. पॅन उघडावाच लागला नाही. तेव्हापासून वायर हलवून बघितल्याशिवाय मी मीटर खाली ठेवत नाही, आणि मालकाच्या वहीला हसत नाही.

शक्य असेल तर मोजणी कंट्रोलरच्या टोकाकडूनही करा. तिथे बरोबर आलं तर मधली सगळी वायर आणि सॉलेनॉइड एकाच मोजणीत तपासून झालं. तिथे चुकलं आणि पेटीपाशी बरोबर आलं तर दोष मधल्या वायरीत.

पाचवी पायरी: टकटक ऐका

साध्या सॉलेनॉइडला फ्यूज लावलेल्या वायरीने बॅटरीचे १२ व्होल्ट क्षणभर द्या. 'टक्' असा स्पष्ट आवाज यायला हवा. कनेक्टर कंट्रोलरपासून सोडवलेला असल्याची दोनदा खात्री करा, नाहीतर तो करंट कंट्रोलरमध्ये घुसेल.

लिनिअर सॉलेनॉइडला मात्र थेट बॅटरी लावू नका. ५ ओहमवर जवळजवळ अडीच अँपिअर जातात आणि गुंडाळं तापून जातं. त्याच्या वाटेत ८ ते १० वॅटचा छोटा बल्ब ओळीत जोडा, मग करंट मर्यादेत राहतो.

आवाज आला म्हणजे सॉलेनॉइड निर्दोष, असं नाही. दांडा हलतो एवढंच कळलं. त्याच्या जाळीत कचरा असेल किंवा बसायची जागा झिजून ऑइल गळत असेल, तर टकटक ऐकूनही गिअर पडणार नाही.

ए३४०ईसारख्या जुन्या पेटीत आणखी एक सुंदर चाचणी आहे. सॉलेनॉइडचा कनेक्टर काढून ठेवायचा आणि मोकळ्या रस्त्यावर सावकाश गाडी चालवायची. 'डी'वर चौथा, '२'वर तिसरा, 'एल'वर पहिला गिअर मिळायला हवा, आणि 'आर' नेहमीसारखा. हे सगळं मिळालं तर क्लच, बँड, पंप ठणठणीत आहेत, दोष विजेकडचाच. रिव्हर्ससुद्धा घसरत असेल तर सॉलेनॉइडचं काम थांबवा आणि ऑइलच्या दाबाकडे वळा. चाचणीनंतर कोड पुसायला विसरू नका. नव्या पेट्यांवर हा प्रयोग पुस्तक बघितल्याशिवाय करू नका.

सहावी पायरी: पॅन उघडणं

सॉलेनॉइड दोषी ठरला, आता काम. काही होंडा पेट्यांत सॉलेनॉइड केसच्या बाहेरून बसवलेले असतात. तिथे तुम्ही नशीबवान, दोन बोल्ट काढून काम होतं. बाकीच्यांसाठी गाडी उचला. नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरायचं नाही, घोड्या लावा, चाकांना दगड नव्हे तर नीट ठोकळे लावा. ऑइल कोमट होऊ द्या. ८० अंशाचं ऑइल मनगटावरून कोपरापर्यंत वाहतं आणि फोड घेऊन येतं.

ड्रेन प्लग काढून ऑइल मोजमाप असलेल्या डब्यात घ्या. किती निघालं ते लिहा, तेवढंच नंतर भरायचंय. पेटीत एकूण सात-आठ लिटर असलं तरी पॅनमधून त्यातलं अर्धंच निघतं, बाकी टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं. तेव्हा कमी निघालं म्हणून घाबरू नका, आणि पुस्तकातला एकूण आकडा बघून सगळं ओतूही नका.

पॅनच्या तळाशी चुंबकं असतात. त्यांच्यावर बारीक राखाडी लोणी असेल तर ती नेहमीची झीज. चमकणारे तुकडे, काळी भुसभुशीत पापुद्री, किंवा पितळी कण असतील तर थांबा आणि मालकाला बोलावून दाखवा. क्लच पॅक, गिअर किंवा बुश झिजल्याचा मळ आहे तो. नवा सॉलेनॉइड त्याच मळाने महिन्याभरात अडकेल, कारण चालू सॉलेनॉइड स्वतःच चुंबक असतो, लोखंडी कण ओढून घेतो.

फिल्टर काढा. आता व्हॉल्व्ह बॉडी दिसेल आणि तिच्यावर सॉलेनॉइड. फोटो काढा: वायरींचे रंग, क्लिपा, कोणता बोल्ट कुठे. बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर पॅनची आकृती काढून भोकं पाडा आणि प्रत्येक बोल्ट आपल्या भोकात खोचा. लांब बोल्ट आखूड जागी गेला की ॲल्युमिनियमचे आटे जातात, आणि मग पार्टपेक्षा आटे पाडून घेण्याचा खर्च जास्त.

बहुतेक सॉलेनॉइड १०च्या एकाच बोल्टने किंवा पत्तीने धरलेले असतात. बोल्ट काढा, पीळ देत सरळ बाहेर ओढा. पक्कडीने पोटावर धरू नका. व्हॉल्व्ह बॉडीचे दोन भाग मात्र अजिबात उघडायचे नाहीत. आत छोट्या गोळ्या आणि स्प्रिंगा असतात, त्या ऑइलमध्ये निघाल्या की कोणती कुठली हे सांगायला कोणी येत नाही.

फडकं वापरा, पण धागे न सुटणारं. गॅरेजमधलं सुती वेस्ट इथे शत्रू आहे, एक धागा शिफ्ट व्हॉल्व्ह अडवायला पुरतो.

सातवी पायरी: नवा बसवणं

जुना धुऊन वापरावा का? कचऱ्याने अडकलेला साधा सॉलेनॉइड कधीकधी क्लीनरने मोकळा होतो. पण एवढी पेटी उघडल्यावर जुनाच परत बसवणं मला पटत नाही. भंगारातला तर नाहीच. एक गेला आणि बाकीचे त्याच वयाचे, त्याच मळात वाढलेले असतील तर मालकाला विचारून जोडीने बदला. रेझिस्टन्स मोजून मगच नवा बसवा. खोक्यावरचं नाव बघून आतल्या मालाची खात्री धरू नका.

काही नव्या पेट्यांच्या सॉलेनॉइडवर किंवा व्हॉल्व्ह बॉडीवर क्रमांक छापलेला असतो. तो स्कॅनरने कंट्रोलरमध्ये भरावा लागतो, नाहीतर नव्या पार्टवरही गिअर झटका मारतो. घेण्याआधी हे विचारा.

नवी ओ-रिंग त्याच गिअर ऑइलने ओली करा, ग्रीसने नाही. सॉलेनॉइड सरळ ढकला. बोल्ट छोटे असतात, १० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळायचे असतात, नक्की आकडा पुस्तकातला. टॉर्क पाना नसेल तर मागून आणा. "हाताला कळतं" असं म्हणणाऱ्यांचे आटे मीच पाडून दिलेत. फिल्टर नवा, पॅनचं पॅकिंग नवं, चुंबकं पुसून जागेवर.

ऑइल पुस्तकात लिहिलेलंच. टोयोटाच्या डब्ल्यूएस ऑइलच्या जागी जुनं डेक्सरॉन ओतलं किंवा गिअरबॉक्सात सीव्हीटीचं ऑइल घातलं की क्लचची पकड बदलते, आणि गाडी नव्या तक्रारी घेऊन परत येते.

आठवी पायरी: चालवून बघणं

बॅटरी जोडा, कोड पुसा. ब्रेक दाबून इंजिन चालू करा, लिव्हर प्रत्येक जागेवर तीन-चार सेकंद थांबवत दोनदा फिरवा म्हणजे ऑइल सगळीकडे पोचेल. पातळी पुन्हा बघा, कमी असेल तर थोडं थोडं भरा. जास्त भरलं तर ऑइल फिरत्या भागांना लागून फेसाळतं आणि दाब मिळत नाही, तेही कमी भरण्याइतकंच वाईट.

कंट्रोलरने जुन्या पार्टवर शिकून ठेवलेल्या किमती मिटवायची सोय स्कॅनरमध्ये असेल तर मिटवा. मग अर्ध्या ॲक्सिलरेटरच्या आत, थांबत-सुटत, पंधरा-वीस किलोमीटर चालवा. सुरुवातीला गिअर थोडे उशिरा किंवा किंचित झटका देऊन पडतील, कंट्रोलर नव्या पार्टचा अंदाज घेत असतो. मालकाला हे आधीच सांगा, नाहीतर संध्याकाळी फोन येतो.

परत आल्यावर तीन गोष्टी: कोड वाचा, पॅनच्या कडेवरून कोरडं बोट फिरवा, पातळी गरम असताना मोजा. बोटाला लाल लागलं तर बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने पुन्हा एकदा ठरलेल्या ताकदीने आवळा. शंभर-दोनशे किलोमीटर झाल्यावर गाडी परत बोलवा, आणि त्या वेळीही वायरिंगचा जुडगा हलवून बघा.